चंद्रभागाबाईंच्या देवघरातली तांब्याची नळी

एकोडीच्या फाट्यावर, साकोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, डोमाचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. चार बल्ल्या, वर पत्रे आणि मागं तट्ट्याचा कूड, एवढाच त्याचा थाट. पाटी लावायची कधी गरज पडली नाही. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी देणारं डिझेल इंजिन बंद पडलं की माणसं ते बैलगाडीत टाकून सरळ तिथंच आणत आणि "काहून मिस्त्री हाये का?" म्हणून हाक मारत.

हे नाव त्याला त्याच्या खोडीनं मिळवून दिलं होतं. इंजिन समोर आलं की दुसरा मिस्त्री पान्हा उचलतो, डोमा प्रश्न विचारायचा. काहून, म्हणजे कशामुळे, बंद पडलं? बंद पडायच्या आधी कसा आवाज करत होतं? धूर काळा निघत होता का पांढरा? शेतकरी वैतागून म्हणायचा, हे सगळं मला कळत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो. पण उत्तर मिळाल्याशिवाय डोमाचा हातच पुढे होत नसे. शाळेत असताना आत काय आहे ते पाहायचं म्हणून त्यानं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं आणि मास्तरांचा मार खाल्ला होता. मार खातानाही तो त्या घड्याळातल्या बारीक चाकाबद्दलच विचारत होता, असं त्याच्या वर्गातले लोक अजून सांगतात.

त्याची दुसरी खोड तोंडाची. कुठलीही नळी हाती आली की तिचं एक टोक बोटानं दाबायचं, दुसरं ओठांना लावायचं, नळी बादलीत बुडवायची आणि फुंकायचं. बुडबुडा आला की नळी गळकी. सगळेच मिस्त्री हे करतात, पण डोमाच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला आपण फुंकतो आहोत याचंही भान नसे. ही खोड पुढं त्याला चांगलीच नडली.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. धानाचे व्यापारी भय्याजी यांनी गावात स्लॅबचं नवं घर बांधलं. छतावर सिमेंटची टाकी, विहिरीवर मोटर आणि घरभर नळ. नळ पाहायला लोक उगीच काही तरी काम काढून येत. सगळ्यांनी नळाचं कौतुक केलं, फक्त भय्याजींच्या आईनं, चंद्रभागाबाईंनी, त्याला हात लावला नाही. लोखंडाच्या नळीतून आलेलं पाणी देवाला चालत नाही, आणि तोटीत चामड्याचा वायसर असतो, हे त्यांनी कुठून तरी बरोबर ऐकून ठेवलं होतं. त्या रोज पहाटे विहिरीवर जात, दोरानं आपला तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याचा घडा, भरून आणत आणि मग पूजेला बसत. वय सदुसष्ट. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्या विहिरीच्या ओल्या ओट्यावर घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर असतानाही दुसऱ्या हातानं दोर ओढायचा हट्ट सुटला नाही.

भय्याजी रडकुंडीला आले. शेवटी म्हातारी एका गोष्टीला तयार झाली. टाकीपासून देवघरापर्यंत नळी तांब्याची पाहिजे. जोडाला शिसं नको, कथील नको, चामडं नको, रबर नको. तांबं आणि पितळ, बस. टाकीत पाणी चढवणारा पाइप लोखंडाचाच आहे त्याचं काय, असं भय्याजींनी विचारलं, तर टाकीवर दिवसभर ऊन पडतं, असं उत्तर मिळालं. त्यापुढं बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. नागपूरच्या दोन प्लंबरांनी, डाग दिल्याशिवाय, म्हणजे कथील-शिसं वितळवून लावल्याशिवाय, तांबं जोडता येत नाही, असं सांगून हात वर केले. तेव्हा भय्याजी फाट्यावर आले.

डोमानं काम घेतलं ते आधी कोड्यासाठी. डाग न देता नळी जोडायची कशी, हा प्रश्न कानावर पडल्यावर त्याला जेवण सुचेना. पण खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. त्याची आई धुरपता याच लोकांच्या बांध्यांत रोवणीला जायची. तहान लागली की तिनं ओंजळ पुढं करायची आणि चंद्रभागाबाईंनी वरून, हात लांब धरून, पाण्याची धार सोडायची. छप्पन सालानंतर डोमाच्या घरातून देव गेले, बुद्धाची तसबीर आली, डोमा शिकला, मिस्त्री झाला. ती धार मात्र तो विसरला नव्हता. त्या घराच्या देवघरात रोज आपल्या हातच्या जोडातून पाणी पडावं, असं त्याला फार वाटलं. आत पाय ठेवायचा नाही, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं. नळी भिंतीतून आत जाणार, आतला शेवटचा नट सूनबाई निर्मलाबाई आवळणार, असं ठरलं.

जोडाचं उत्तर त्याला एका ट्रॅक्टरमध्ये सापडलं. तिथं डिझेलच्या तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवलेलं होतं आणि ते पितळी नटानं पितळी बोंडावर दाबून बसवलेलं. मध्ये काहीच नाही, धातूला धातू. म्हणजे नळीचं तोंड फाकवायचं हत्यार पाहिजे, आणि नळाला पितळी कॉक लावला की वायसरही नको. तसलं हत्यार फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं आणि नागपुरात मिळतं, एवढी माहिती त्यानं काढली.

भय्याजींनी भंगारवाल्याकडून तांब्याच्या नळीचे नऊ तुकडे आणून ठेवले होते. वाकडेतिकडे, हिरवे पडलेले. भाजी घेताना वांगं दाबून पाहतात, तसं हत्यारही वापरून पाहूनच घ्यायचं, असं डोमाचं मत. म्हणून त्यातलेच वीतभर तुकडे कापून न्यायचे त्यानं ठरवलं. पण शहरातल्या दुकानात असलं हिरवं लक्तर काढायचं म्हणजे लाज. त्यानं दोन दिवस बसून ते तुकडे लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून सुतासारखे सरळ केले, चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केले आणि सुमनबाईच्या धुतलेल्या फडक्यात बांधून घेतले. सुमनबाई म्हणजे त्याची बायको. हत्यारासाठी तिनं आपल्या शेळीचे पैसे दिले होते, तेव्हा तिचं लक्ष होतंच.

नागपुरात दुकानदारानं तीन हत्यारं काढून ठेवली. एक विलायती, मखमलीच्या डबीत झोपलेलं. त्याची किंमत ऐकून डोमानं हातच मागं घेतला. दुसरं देशी, जरा ओबडधोबड. नळी चिमट्यात धरायची आणि वरून स्क्रूनं शंकू दाबत न्यायचा. तिसरं अगदी स्वस्त. नुसता टोकदार पंच, नळीत घालून हातोडीनं हाणायचा. डोमानं फडकं सोडलं. स्वस्त पंचानं नळीचं तोंड फाकलं आणि लगेच तडकलं. देशी हत्यारात तडकलं. दुकानदारानं ईर्षेनं विलायती काढलं, त्यातही तोंडाला केसासारख्या चिरा पडल्या. सहा तुकडे फुटले. दुकानदार म्हणाला, तुमची नळीच भंगार आहे. डोमा म्हणाला, नळी चांगली सरळ आहे, हत्यारांतच खोट आहे. हे बोलताना त्याचं त्यालाही खरं वाटत नव्हतं, पण शेळीचे पैसे खिशात तसेच घेऊन तो निघाला.

परतताना तो भंडाऱ्याला उतरला, कारण घरचा फुटका पितळी गुंड तिथं कुंताबाईंकडे जोडायला टाकलेला होता. कुंताबाई आणि यादोराव हे नवराबायको तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. स्टीलनं त्यांचा धंदा अर्ध्यावर आणला होता, तरी ठोकण्याचा आवाज सकाळपासून चालू असे. गुंड घेता घेता डोमानं आपली रडकथा सांगितली आणि फुटका तुकडा दाखवला. कुंताबाईंनी तो नखानं वाजवला आणि त्यांना हसू आलं.

"कोनं मठारलं हे?"

"म्या सरळ केलं. मोगरीनं."

"मंग तडकनच ना, भाऊ. तांबं ठोकलं का कडक होते. आमी भांडं मठारतो ते त्यालेच, का पोचे पडू नये म्हून. याले आता तापवा लाल होतवर, अना टाका पान्यात."

डोमानं मान हलवली. तापवून पाण्यात टाकलं तर आणखी कडक होईल, लोखंडाचं तसंच होतं, असं तो म्हणाला. कुंताबाईंनी वाद घातला नाही. फडक्यातला एक न फुटलेला तुकडा निखाऱ्यात सरकवला, लाल झाल्यावर सांडशीनं बादलीत सोडला आणि त्याच्या हातात दिला. डोमानं बोटानं दाबला तर तो वाकला. काल ज्याला मोगरीशिवाय वळण लागत नव्हतं ते तांबं आता दोन बोटांत वाकत होतं. त्याला इतका आनंद झाला की गावाकडची मोटार चुकली तरी चालेल, असं ठरवून तो तिथं पाटावर बसला आणि विचारत सुटला. लोखंड काहून उलटं वागतं? किती लाल करायचं? किती वेळा ठोकलं की पुन्हा कडक होतं? कुंताबाईंना यातल्या 'काहून'चं उत्तर येत नव्हतं, 'कसं'चं सगळं येत होतं.

तिथंच त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. यादोरावांनी एका नव्या गुंडाचा गळा जोडला होता. जोड धरला की नाही हे पाहायला त्यांनी गुंडाच्या तोंडाला एक लाकडी बूच लावलं, बुचातल्या भोकाला ओठ लावले आणि गाल फुगवून फुंकलं. कुंताबाई ओला तळहात जोडावरून फिरवत होत्या. वारा लागला की त्या म्हणायच्या, इथं. डोमाला हे पाहून बरं वाटलं. आपल्याच, फुंकणाऱ्यांच्या, जातीचे मिस्त्री भेटले म्हणून तो हसला.

बाकीचे तुकडेही तिथंच तापवून घेऊन दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नागपूरला गेला. आता तिन्ही हत्यारांनी नळीची तोंडं फुलं उमलावी तशी उमलली. म्हणजे खोट ना हत्यारात होती, ना नळीत. ती मोगरीत होती. डोमानं दुकानदाराची सरळ माफी मागितली. मग स्वस्त पंच त्यानं बाजूला सारला, कारण त्याचं काम हाताच्या अंदाजावर होतं आणि जोड नऊ ठिकाणी करायचे होते. देशी घ्यायचं ठरलं. पण देशी म्हणून पहिलंच उचलेल तो डोमा कसला. त्यानं दुकानात होती तेवढी सहाही काढायला लावली, दुकानदाराकडून रॉकेलची चिमणी मागून घेतली, प्रत्येक शंकूला काजळी धरली आणि उमललेल्या तोंडात फिरवून पाहिली. पाच हत्यारांची काजळी एकाच बाजूला लागली, म्हणजे शंकू तिरपा. सहाव्याची सगळीकडे सारखी लागली. दुकानदार म्हणाला, विलायती घेणाऱ्यानंही इतकं पाहिलं नसतं. डोमानं ते सहावं घेतलं.

घरी येऊन त्यानं नऊही तुकडे तापवले, विझवले, तोंडं फाकवली. पहिल्या नळीचं तोंड झकास फाकलं आणि मग लक्षात आलं की नट आधी ओवायचा राहिला. ते तोंड कापून पुन्हा करावं लागलं. पुढचं सगळं सुरळीत झालं. एकेक जोड आवळायचा, बादलीत बुडवायचा, फुंकायचा. एकही बुडबुडा नाही.

नळ्या बैलगाडीत चढवताना सुमनबाई सहज म्हणाली, हे तर सगळं उष्टं झालं.

डोमा जागीच थांबला. त्याच्या डोक्यात शिसं, कथील, चामडं, रबर सगळं होतं, फक्त स्वतःचं तोंड नव्हतं. आता काय करायचं? पुन्हा तापवून उष्टं घालवता आलं असतं, पण पुन्हा जोडल्यावर न फुंकता तो जोड दिला असता तर रात्रभर झोप लागली नसती. सायकलचा पंप लावावा तर पंपात चामड्याची चकती. कोणी विचारणार नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि गाडी हाकली.

दोन दिवसांत नळी टाकीपासून भिंतीवरून देवघरापर्यंत उतरली. आतला नट निर्मलाबाईंनी डोमा खिडकीतून सांगेल तसा आवळला. कॉक फिरवला आणि देवघरात पाणी पडलं. चंद्रभागाबाई बाहेर आल्या आणि एकेका जोडाला बोट लावून पाहू लागल्या. सगळे कोरडे, डोमानं बसवण्याआधीच छातीठोक सांगितलं होतं तसे. नऊ जोड पाहून झाल्यावर त्यांनी डोमाकडे पाहिलं. विचारण्याची खोड एकट्या डोमालाच होती असं नाही.

"गळत नाही हे तुले आधीच कसं समजलं?"

डोमानं हातातला पान्हा खाली ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला खोटं उत्तर देणं जमेना.

"फुकून पाहिलं, बाई. तोंडानं."

भय्याजी घाईनं म्हणाले की यानं नळ्या लालबुंद तापवल्या होत्या, मी डोळ्यानं पाहिलं, आगीतून गेलेलं तांबं शुद्धच. त्यांनी वाट काढून दिली होती. डोमानं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

चंद्रभागाबाईंनी त्याला विचारलं, "फुकाच्या आधी तापवलं, का नंतर?"

"आधी."

त्यांनी शेवटच्या जोडावरून पुन्हा बोट फिरवलं. मग, सगळे मिस्त्री असंच पाहतात का, असं विचारलं. डोमानं सांगितलं की सगळेच. गुंड घडवणारेही गुंडाला तोंड लावूनच जोड पाहतात, मी भंडाऱ्याला पाहिलं. ओसरीवर त्यांचा तांब्याचा गुंड पालथा घातलेला होता. त्यांनी जाऊन त्या गुंडाच्या गळ्यावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या. भय्याजींनी डोमाचे पैसे दिले, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डोमा सकाळी भय्याजींच्या घरावरून फाट्यावर जाऊ लागला. तो रस्ता लांबचा होता. मोटर असल्यामुळे विहिरीचा दोर आता फक्त चंद्रभागाबाईच वापरत. पहिल्या दिवशी दोर ओला होता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही ओला. ओटाही ओला, आणि त्यावर शेवाळ. डोमाला वाईट वाटायचं आणि स्वतःचा रागही यायचा. एका शब्दासाठी म्हातारी पुन्हा त्या ओट्यावर जाऊन राहिली, असं तो सुमनबाईला म्हणाला. ती म्हणाली, खोटं बोलला असता तर आता बरं वाटलं असतं का?

पाचव्या दिवशी दोर कोरडा होता. सहाव्या दिवशीही. म्हणजे काय समजायचं? बाई आजारी पडली का? गुंड सून भरून आणते का? का नळ सुरू झाला? सुमनबाई म्हणाली, जाऊन विचारा ना. पण सगळ्या जगाला काहून काहून करणाऱ्या डोमाला हा एक प्रश्न काही विचारता आला नाही.

बाराव्या दिवशी भय्याजी स्वतः फाट्यावर आले. देवघरातलं पाणी बंद झालं होतं. सकाळपासून थेंब नाही आणि आई पूजेची खोळंबली आहे. ऐकल्याबरोबर डोमाच्या डोक्यात पहिलं हेच आलं, की बंद पडायला नळ आधी चालू असावा लागतो. तो पान्हा घेऊन निघाला.

नळीत काही तरी अडकलं होतं, बहुतेक टाकीत पडलेला पालापाचोळा. टाकीकडचं पाणी बंद करून डोमानं भिंतीजवळचा नट सोडला. भय्याजींनी सायकलचा पंप आणून ठेवलाच होता. आतून, खिडकीतून, चंद्रभागाबाईंचा आवाज आला.

"पंप नको लावू. त्यात चामडं असते. तोंडानं फूक."

भय्याजींनी पंप खाली ठेवला. डोमानं धोतराच्या सोग्यानं नळीचं तोंड पुसलं आणि ओठ लावले. पहिल्या फुंकेला काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा त्यानं छाती भरून घेतली. भिंतीपलीकडे देवघर होतं, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून त्याला फक्त एक हात दिसत होता, प्लास्टर निघाल्यावर बारीक झालेला. चंद्रभागाबाईंनी तो पाण्यानं ओला केला होता आणि कॉकच्या तोंडाखाली उताणा धरला होता.

डोमानं फुंकलं. कडुनिंबाची काळी पडलेली पानं आधी तळहातावर पडली, मग वारा.

"थांबू नको," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "हाताले लागून राहिली तुही हवा."